रेडिओमावशी आणि चार शर्टवाले

इस्त्रीच्या दुकानातल्या मावशींना सगळी गल्ली ‘रेडिओ’ म्हणायची, आणि तेही तोंडावर. मावशींना त्याचा राग नव्हता. यजमान गेल्यापासून घरी बोलायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून सगळी बडबड दुकानात. पण गिऱ्हाइकं घाईची. कपडे टाकले की पसार.

थांबायचे ते एकटेच गृहस्थ, ‘चार शर्टवाले’. दर शनिवारी चार शर्ट घेऊन यायचे आणि इस्त्री होईपर्यंत स्टुलावर निवांत बसायचे. पण त्यांचा रंग, केस, चेहरामोहरा, सगळंच गल्लीतल्या माणसांहून वेगळं. यांना आपली भाषा कुठली यायला, असं मावशींनी परस्पर ठरवून टाकलं. ते दिसले की त्या घसा ताणून ओरडायच्या, “शर्ट! चार! थांबा! बसा!” तेही तसंच ओरडायचे, “हो! बसतो!” मग दोघंही मिठाची गुळणी धरून. मावशींचा जीव नुसता कासावीस व्हायचा.

एका शनिवारी ते मावशींच्या कानाशी वाकून ओरडले, “मावशी! माझ्या आईलाही! कमी ऐकू यायचं! मशीन लावलं! आता छान ऐकू येतं!”

“माझ्या कानांना काय धाड भरलीय? पलीकडच्या दुकानातली कुजबुजसुद्धा ऐकते मी!”

“मग माझ्याशी एवढ्या ओरडून का बोलता?”

“मला वाटलं, तुम्हाला आपली भाषा...”

शर्टवाल्यांचा चेहरा उतरला. “माझा जन्म मागच्याच गल्लीतला, मावशी,” एवढंच म्हणून ते शर्ट घेऊन गेले.

मावशी शरमेने अर्ध्या झाल्या. निवांत बसणारं एकुलतं एक माणूस आपण आपल्या तोंडाने घालवलं, ही टोचणी काही जाईना. आठवडाभर दुकानात रेडिओ बंद. त्या नादात एकाची कॉलरही करपली.

शनिवारी दारात कोणीतरी उभं राहिलं. मावशींना मान वर करायचा धीर होईना.

“शर्ट! चार! इस्त्री! राग! नाही!”

मावशींना हसू आणि रडू एकदमच आलं. “चुकलं हो माझं,” त्या साध्या आवाजात म्हणाल्या.

“आता कसं नीट ऐकू आलं!” ते स्टुलावर बसले. “हं, बोला.”

त्या दिवशी चार शर्टांना दोन तास लागले.