कानानं लागणारं सुतक

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आखाडाच्या आधीची शेवटची तिथी, म्हणून आमच्याकडं एकाच दिवशी दोन लग्नं आली. सकाळचं शिवाजी पेठेत, थोरल्या नणंदेच्या मुलीचं. गोरज मुहूर्ताचं गारगोटीला, आमच्याच दारात.

गारगोटीचं लग्न धाकट्या नणंदेच्या पोरीचं. ती नणंद आणि तिचा नवरा दोघंही देवाघरी गेली, तेव्हा पोर माझ्या कंबरेला लागत होती. मला पोटचं लेकरू नाही. तिची वेणी मी घातली, तिचा गोवर मी काढला. तिच्या कन्यादानाला मी आणि हे बसणार, हे ठरल्यापासून मी चार बायकांत जरा तोऱ्यातच बोलत होते. का बोलू नये?

पण त्या लग्नाला आधीच एक गालबोट लागलं होतं. आदल्या साली सगळं ठरलेलं असताना सासूबाई गेल्या आणि लग्न पुढं गेलं. नवऱ्याकडची माणसं वर्षभर थांबली, पण निरोप स्पष्ट धाडला, "आता पुन्हा मोडलं तर आमास्नी मोकळं करा. आमी दुसरी पोरगी बघतो." पोरीला तो मुलगा मनापासून पसंत होता. तोंडानं बोलली नाही, पण वर्षभर पोरीनं धड खाल्लं नाही.

शिवाजी पेठेतलं लग्न वेळेवर लागलं. मामा म्हणून हे भाचीच्या पाठीशी उभे राहिले, अक्षता पडल्या, तालमीतल्या पोरांनी वाढप हातात घेतलं. हे म्हणाले, "मोटारीचं बघून येतो," आणि बाहेर गेले. परत आले ते ताटावर बसून नुसता भात चिवडत राहिले. थोरल्या नणंदबाई जिलबी घेऊन मागं लागल्या, तर हात आडवा करून म्हणाले, "भूक न्हाय गं आक्का." मी मनात म्हटलं, मोटार चुकायची भीती असणार. मास्तर माणूस, घड्याळाचा गुलाम.

हात धुवायला बाहेर आले तर समोर तालमीच्या भिंतीला टेकून नेसरीचा चुलत दीर उभा. डोक्याला पटका नाही. मी म्हटलं, "अहो, परक्यासारखं बाहेर काय? आत चला, पंगत बसलीया."

"नगं वैनी."

"निदान गूळपाणी घ्या."

"मला काय इचारू नगासा वैनी," असं म्हणून त्यानं मान फिरवली. लग्नघरच्या दारात उभं राहून गूळपाणीसुद्धा नको म्हणणारा माणूस कुठून आलेला असतो, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. मी त्याच्या बोकांडीच बसले. शेवटी तो म्हणाला, "आबा गेलं. पहाटं."

आबा म्हणजे ह्यांचे नेसरीचे चुलते; हा दीर दुसऱ्या चुलत्याचा. वडील लवकर गेले म्हणून ह्यांना वाढवलं ते आबांनी. स्वतःला मुलगा नाही, ह्यांनाच पोटचा मानत. अग्नी द्यायचा तो ह्यांनीच. आठच दिवसांपूर्वी आबा म्हणाले होते, "पोरीच्या अक्षता टाकल्याबिगर मी कुठं जात न्हाय." आणि गेले!

आमच्यात सुतक कानानं लागतं. कानावर पडत नाही तोवर माणूस मोकळा. देवक बसलं की मग सुतक मध्ये येत नाही म्हणतात, पण आमचं देवक अजून बसायचं होतं, गारगोटीला पोचल्यावर. ह्यांच्या कानावर हे पडलं की दहा दिवस घर बंद. मांडव उतरायचा, चुली विझवायच्या. आणि पोरगी आयुष्यातनं उठायची.

मला तर लागलंच होतं. मी दिराला म्हटलं, "ह्यांच्या कानावर घालाल तर बघा. अक्षता पडल्या की मी सांगते."

त्यानं माझ्याकडं जरा विचित्रच बघितलं आणि म्हणाला, "बरं." म्हटलं, दुःखातला माणूस आहे.

मोटारीत हे खिडकीशी, मी शेजारी. ह्यांना शेवटचं तोंड बघायला मिळणार नाही, आणि ते मी ठरवलं होतं. त्यांच्याकडं बघायची छाती होत नव्हती. एवढ्यात मागच्या बाकावरचा गुळाचा अडत्या पुढं वाकला, "मास्तर, नेसरीचं तुमचं आबा—"

"अहो पावणं, ती खिडकी वढा की! धुळीनं जीव चाललाय!" मी एवढ्या जोरात ओरडले की कुणाची कोंबडी फडफडली. त्याच वेळी हेही ड्रायव्हरवर खेकसले, "अरं दामट की जरा! बैलगाडी हाय काय ही?" अडत्या गप्प झाला. ह्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. भीतीनं माणूस आंधळं होतं.

गारगोटीला उतरलो. आता दुसरा पेच. सुतकातल्या बाईनं देवकाला बसायचं कसं? पोट दुखतंय म्हणू, चक्कर आली म्हणू, असं जुळवत होते, तोवर हेच भटजींना म्हणाले, "देवकाला आणि कन्यादानाला पोरीचे चुलता-चुलती बसू देत. तिच्या बापाच्या घराण्याचा मान हाय." चुलता बिचारा शेतकरी माणूस, गोंधळून उभाच राहिला.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि त्याच क्षणी असा संताप आला म्हणून सांगू! मला एका शब्दानं विचारलं नाही. वाढवलं मी आणि मान दुसऱ्याला! बसता येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी राग यायचा तो आलाच. आतल्या खोलीत जाऊन मी पदर तोंडात कोंबून रडले.

नंतर हळदीला, ओटीला, सगळ्याला मी दुसऱ्या सवाष्णींनाच पुढं केलं. पोरगी दोनदा म्हणाली, "मामी, तुमी लावा की हळद." मी म्हटलं, "मला कामं हाईत," आणि पाठ फिरवली. तिचं तोंड उतरलेलं मला पाठीला दिसत होतं.

गोरज मुहूर्त आला. हे भाचीच्या मागं उभे राहिले, पण चांगलं हातभर अंतर सोडून. सकाळी शिवाजी पेठेत दुसरीच्या खांद्यावर हात होता, आणि इथं पोटच्या पोरीसारखी वाढवलेली, तर हात पाठीमागं बांधलेले! मला वाटलं, उठून विचारावं, काय वाकडं केलंय हिनं तुमचं? मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या. म्हटलं, वरात निघाली की ह्यांना सांगते.

वऱ्हाड निघताना पोरगी नवऱ्यासोबत आमच्या पाया पडायला आली. सुतकातल्या माणसानं नमस्कार घ्यायचा नसतो. ती वाकली, आणि मी चटकन मागं सरले.

हेही सरले. एकाच वेळी.

तिचे हात नुसते जमिनीला लागले. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. काही विचारायचं उरलंच नव्हतं. मागनं सगळं कळलं. दिरानं आधी ह्यांना गाठलं होतं, आणि ह्यांनीही त्याला बजावलं होतं, "हिच्या कानावर घालू नगस. आणि माझ्यासाठी आबांना थांबवून ठेवू नका." दुसऱ्याच कुणी तरी अग्नी दिला होता.

पोरगी उठली. एवढंच म्हणाली, "माझं काय चुकलं का मामा?" वरातीच्या तोंडावर मढ्याची बातमी कशी द्यायची? हे म्हणाले, "जा बाळा, उशीर होतोय." गाडी वळेपर्यंत ती मागं बघत होती. मग हे मांडवाच्या खांबाला धरून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी त्यांना धरलं. आता आम्ही एकमेकांना तरी शिवू शकत होतो.

सुतक फिटल्यावर आम्ही पहिल्यांदा तिच्या सासरी गेलो. तिला तोवर सगळं कळलं होतं. ती चुलीपुढनं तशीच उठून आली, हाताला पीठ, डोळे भरलेले. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "आता तरी पाया पडू देशीला का न्हाय?"

"पड की," हे म्हणाले. ती वाकली, आणि ह्यांनी तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले.