नकाशातली येरमाळ्याची लाईन

"मॅडम, आज सही झाली की पंधरा दिवसांत लाईन चालू," पुण्याहून आलेला सेल्स मॅनेजर म्हणाला. बप्पांनी पेन उघडलं.

बप्पा आमचे मालक. आधी केबल टीव्ही चालवायचे, आता धाराशिवात इंटरनेट देतात. मी त्यांची नेटवर्क इंजिनिअर. मोठ्या कंपनीकडून घाऊक बँडविड्थ घ्यायची आणि घराघरांत, ऑफिसांत वाटायची, हा आमचा धंदा. आमची लाईन एकच होती, सोलापूरहून तामलवाडीमार्गे येणारी. आणि बप्पा एका कॉलेजला शब्द देऊन बसले होते, पुढच्या महिन्यातल्या ऑनलाईन परीक्षेत नेट जाणार नाही. म्हणून रिडन्डन्सी हवी होती. म्हणजे एक वाट तुटली तर दुसरी तयार. मॅनेजरची लाईन उत्तरेकडून, येरमाळ्यावरून येत होती. लॅपटॉपवरच्या नकाशात तिची निळी रेघ झकास दिसत होती.

"बप्पा, सही उद्या करा. मी रूट बघून येते."

"अगं, लाईन जमिनीत हाय. बघणार काय तू?"

"जमीन."

मॅनेजर हसला. मी स्कूटी काढली.

आमचं घर मेंढरांमागं फिरणारं. कॉलेजात गेलेली घरातली पहिली मी, पण दहावीपर्यंत सुट्ट्यांत मेंढरं मीही राखलीत. बुजवलेली चर मला लांबूनही ओळखू येते. तिथली माती खचते, गवत वेगळं उगवतं. रस्त्याच्या कडेनं चर आणि कंपनीचे खुणेचे खांब सोबतीनं चालले होते. येरमाळ्याच्या अलीकडं, एका पुलापाशी, दोन्ही संपले. पलीकडं जमीन टणक. मेंढरं चारणारे एक आबा तिथं बसले होते.

"आबा, पुढं कुठं खणलंय का?"

"कुणाची गं तू?"

मी वडिलांचं नाव, गाव सांगितलं.

"मंग तुला दिसंना व्हय? हितवर खणलं अन् मशीन घेऊन गेले. माझी दोन मेंढरं लंगडी झाली त्या चरीत. पुढं काय बी न्हाय."

दुसऱ्या दिवशी पुलापाशी काढलेले फोटो मी मॅनेजरपुढं ठेवले. "मग आमची ही नवी लाईन येणार कुठून?"

"सध्या... तामलवाडीवरूनच. भाड्यानं घेतलीय. केबल तुमची आहे तीच, पण तिच्यातली फायबरची तार वेगळी आहे, मॅडम!"

"जेसीबी एकदाच खणतो, साहेब. फायबर निवडून तोडत नाही."

बप्पा भडकले, ते माझ्यावरच. "आता कॉलेजला काय सांगू मी? लई शहाणी झालीस!"

मी बार्शीकडून येणारी एक लाईन सुचवली. खांबांवरून आलेली, निम्म्या वेगाची. बप्पांनी नाक मुरडलं. "ही लाईन हाय का कपडे वाळत घालायची दोरी?" मी तीही शेवटच्या खांबापर्यंत बघून आले. मगच सही झाली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी अकराला तामलवाडीजवळ रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली. आमच्या स्क्रीनवर मोठी लाईन लाल झाली. काही सेकंदांत सगळा ट्रॅफिक आपोआप बार्शीवर गेला. मी घरगुती कनेक्शनचा वेग उतरवला आणि कॉलेजला पूर्ण दिला. दुपारभर फोन वाजत राहिले, "व्हिडिओ नुसता फिरतोय की ओ!" कॉलेजातून एकही फोन आला नाही. एकाही मुलाचा पेपर अडकला नाही.

संध्याकाळी बप्पा तिथं जाऊन आले. "त्यांना केबल तुटल्याचं कळलंच न्हाय गं."

"कळू नये म्हणूनच तर मला पगार देता, बप्पा."

दुसरी लाईन घेताना कंपनीचं नाव वेगळं आहे का, हे शेवटी बघावं. आधी चर कुठून जाते ते विचारावं. उत्तर छान मिळालं, तर जाऊन बघावंच.