धोप्यांची माहेरं

आमच्या घरवालीएवढी संशयी बाई साऱ्या गडचिरोली जिल्ह्यात झाली नसंल, आणि तिचा सारा संशय झाडांवर. माझ्यावर कधी घेतला नाही. तेवढी माझी लायकी नाही म्हणे. तिच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं ओसरीवर धोप्याच्या वड्या करत बसलो होतो. आमच्याकडं अळूला धोपा म्हणतात. ती पानाला बेसन लावून गुंडाळी करी, मी दोरा बांधी. पण आधी ती प्रत्येक पान उलटं करून उजेडात धरी, जसा नाकेवाला ट्रकातला सागवान तपासतो.

"दिसते का काई तुमाले?"

"दिसते ना."

"काय दिसते?"

"पान."

"म्हणूनच तर मरत होते तवा!"

ते माझं मरता मरता वाचणं असं झालं. अंगणात झाडं तीन, तिघांचंही नाव धोपा. एक तिनं माहेराहून, कुरखेड्याहून आणलेलं, खायचं. दुसरं एटापल्लीच्या जंगलातलं, कितीही चिंच घाला, घसा खाजणारच. तिसरं पोरानं चंद्रपूरच्या नर्सरीतून आणलेलं, पांढऱ्या ठिपक्यांचं, नुसतं पाहायचं. गावात सुनांना माहेरच्या गावावरून हाक मारतात; हिलाही सारे कुरखेडावालीच म्हणत. तशीच हिनं झाडांना नावं दिली, कुरखेडावाली, एटापल्लीवाली, चंद्रपूरवाली. पाहुणा आला की पाण्याच्या आधी तिघींची ओळख. मला हसू येई. एकदा ती शेतावर गेली आणि मी, धोपा तो धोपा म्हणून, चंद्रपूरवालीची भाजी रांधून खाल्ली. दोन घासांत जीभ अशी सुजली की तोंडात मावेना. डॉक्टरनं विचारलं, काय झालं? मी मुका. ही म्हणाली, "चंद्रपूरवालीच्या नादी लागले होते." डॉक्टरचा पेन तिथंच थांबला. चार दिवस मला बोलता आलं नाही. एवढं सुख सासरी कधी भेटलं नव्हतं, असं ती गावभर सांगत फिरली. मी बरा झाल्यावर म्हटलं, उपटून फेक थे झाड. तर म्हणे, "काऊन? तिनं बलावलं होतं का तुमाले? वळखून राहा म्हंजे झालं."

ओळखायचं काम तिचं, म्हणून मी मन लावून कधी शिकलो नाही; पाहुण्यांना सांगताना कानावर पडलं तेवढंच.

त्या संध्याकाळच्या वड्या दोघांनीही खाल्ल्या, धोप्याला दोष नाही. उजाडताना तिच्या छातीत कळ आली आणि डॉक्टर यायच्या आत ती गेली.

सकाळी घर बायांनी भरलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, पाहुण्यांचं शेजारी रांधतात. शेजारीण विळा घेऊन अंगणात उतरली आणि सर्वांत मोठ्या पानाला हात घातला. सांगणारी आत निजलेली. मी उठलो.

"भाऊ, तुमी बसा ना."

"हात लावू नोको बाई. थे चंद्रपूरवाली हाय."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असंच त्यांना वाटलं. मी पान उलटं करून उजेडात धरलं. वड्यांचा उरलेला दोरा ओसरीवरच पडला होता, तो खूण म्हणून चंद्रपूरवालीला बांधला, एटापल्लीवालीला बांधला. खायच्या धोप्याची पानं स्वतः कापून शेजारणीच्या पदरात टाकली, त्या झाडाला तांब्याभर पाणी घातलं, आणि आत जाऊन माझ्या कुरखेडावालीजवळ बसलो.