परीक्षेपर्यंत कुणी सुधारू नका

आमच्या समोरच्या मावशी आणि त्यांचे यजमान घटस्फोट घेणार, ही बातमी मागच्या वर्षी जिन्यावरून चारही मजले फिरून आली. रोज संध्याकाळी त्यांच्या दारातून आवाज यायचा. यजमान ओरडायचे, "जनरस!" मावशी कडाडायच्या, "स्टिंजी!" ते म्हणायचे, "ब्रेव्ह!" या म्हणायच्या, "टिमिड!" जोडपं इंग्रजीतून भांडायला लागलं म्हणजे प्रकरण कोर्टात गेलंच, असा तर्क कुणीतरी केला. कुणी केला ते विचारू नका; माझीही या बिल्डिंगमध्ये काही अब्रू आहे.

खरी गोष्ट अशी, की मावशी इस्पितळात आया आहेत. सव्वीस वर्षं चादरी आणि बेडपॅन घेऊन जिने चढता-उतरता त्यांचे गुडघे बोलायला लागले. केसपेपरच्या खिडकीतली खुर्ची हवी, तर खात्याची परीक्षा द्यायची, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच खेप. बाकी सगळं त्यांच्या हातचा मळ. नडत होता तो इंग्रजीतला विरुद्धार्थी शब्द: वर एक शब्द, खाली चार पर्याय. यजमान पुस्तकातून शब्द विचारायचे, मावशी उलटा शब्द सांगायच्या. ते भांडण एवढंच.

पण पाठांतर टिकेना. मग त्यांनी आम्हालाच कामाला जुंपलं. एकेका शब्दाला एकेक शेजारी. स्टिंजी म्हणजे चिक्कू, तिथे घड्याळं दुरुस्त करणारे काका. जनरस म्हणजे सढळ हाताची, तिथे तळमजल्यावरची शिलाईवाली ताई. शब्द आला की माणूस आठवायचा आणि त्याच्या नेमका उलटा शेजारी शोधायचा.

परीक्षेला दोन दिवस असताना घड्याळकाका एक मनगटी घड्याळ घेऊन आले. "पेपरात वेळ बघायला. राहू दे तुलाच." आम्ही जिन्यातच गहिवरलो. मावशींनी मात्र कपाळावर हात मारला.

"अहो काका, बारा वर्षांत कधी चहा विचारला नाहीत, आणि आजच पाझर फुटायचा होता? माझा शब्द गेला ना! परवापर्यंत जरा दम धरा!"

काकांनी घड्याळ इतक्या चपळाईनं परत खिशात टाकलं, की शब्द जागच्या जागी बसला.

परीक्षेच्या सकाळी मावशी मला जिन्यात भेटल्या. त्या घटस्फोटाच्या बातमीपायी माझं मन मला खात होतं, म्हणून मी नुसती मान हलवली. मावशी पांढऱ्याफटक पडल्या.

"बोला की काहीतरी!"

"शुभेच्छा."

"एकच शब्द? अहो, टॅसिटर्न म्हणजे मितभाषी. त्याच्या उलट टॉकेटिव्ह, तिथे मी तुम्हाला बसवलंय! ऐन वेळी माझ्या पोटावर पाय देऊ नका!"

मग काय! तिसऱ्या मजल्यावरची सून, गच्चीतली गळकी टाकी, सेक्रेटरींचा केसांचा टोप, सगळं मी बसस्टॉपपर्यंत पुरवलं. बस आली तेव्हा अजून टोपावरच होतो. मावशी समाधानानं मान डोलवत गेल्या.

टॅसिटर्न पेपरात आला आणि मावशी पास झाल्या. गेल्या सोमवारी खोकल्याचं निमित्त करून मी मुद्दाम त्यांच्या खिडकीशी गेलो. पाठीला उशी, हातात शिक्का, काय तो थाट! रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "मावशी, ही खुर्ची म्हणजे माझ्या जिभेची कमाई बरं का!"

वर न बघता त्या म्हणाल्या, "तुमच्या जिभेनं खुर्ची मिळत असती, तर आपली अख्खी बिल्डिंग एव्हाना साहेब झाली असती. नाव सांगा, वय सांगा, आणि तेवढंच सांगा."