हजारो वर्षांची हवा

चेंबरचं दार उघडण्याआधी दादा त्यावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "चला, मालाला दम घेऊ द्या." निंबोल्याच्या रस्त्यावरच्या केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये आम्ही नऊ वर्षं बरोबर होतो. पिकणारी केळी बंद खोलीत गुदमरतात, म्हणून रोज थोडा वेळ दार उघडावं लागतं. मुलीच्या लग्नादिवशीही दादा फेटा बांधून आले आणि दार उघडून गेले.

मशिनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. आमच्या दादांना त्या कानांनी थेट दक्षिण ध्रुवाकडे नेलं. बर्फ फोडत जाणाऱ्या संशोधन जहाजावर शीतखोली सांभाळायची नोकरी लागली. जाण्याआधी शनवारा चौकात चहा पिताना म्हणाले, "भाऊ, ते जहाज बर्फाला नुसती टक्कर नाही देत. वर चढून बसते अन् वजनानं तोडते."

"म्हणजे आपल्या मालकासारखं," मी म्हणालो. दादांना ठसकाच लागला.

दोन महिन्यांनी एका दुपारी जहाजावरून फोन आला. मागे बर्फ कडाडत होता. दादा कुजबुजत होते.

"भाऊ, लई गडबड झाली. सवयीनं शीतखोलीचं दार उघडलं, तेवढ्यात इंजिनवाल्यांनी बोलावलं. तासभर खुलंच राहिलं ना."

त्या खोलीत संशोधकांनी खोलवरून खणून काढलेले बर्फाचे नमुने होते. दाराजवळचे ओले झाले होते. मी आवाज खाली आणला.

"कुणी पाहिलं?"

"कोणीच नाही."

"मग दार लावा आणि गप्प बसा. पुन्हा गोठेल."

"गोठेल ना. पण त्यात हजारो वर्षांची हवा अडकेल असते, भाऊ. बर्फाचं पाणी झालं की ती उडून जाते, अन् हे लोक तीच मोजतात. उद्या गलत मोजतील."

"दादा, नोकरी जाईल. माझं ऐका!"

फोन तुटला.

चार दिवस काही कळलं नाही. मी पाच वेळा निरोप लिहिला आणि पुसला. दादा माझं ऐकतील याची भीती वाटत होती की ऐकणार नाहीत याची, हे मला आजही सांगता येत नाही.

पाचव्या दिवशी दादांची बायको वाटीभर दराबा, आमच्याकडची रव्या-तुपाची मिठाई, घेऊन घरी आली. दादांनी त्याच दिवशी चूक कबूल केली होती. संशोधकांनी ओले नमुने बाजूला काढले, बाकीचे वाचले. शीतखोलीची किल्ली मात्र दादांकडून काढून घेतली. आता ते परतीपर्यंत डेकवरचा बर्फ खरवडणार होते.

"किल्ली गेली, पण नोकरी राहिली, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "हे सांगत होते, मी तर लपवणारच होतो. भाऊनं समजावलं, सच सांगून द्या म्हणून."

मी उलटंच सांगितलं होतं, हे तेव्हाच बोलायला हवं होतं. वहिनींनी वाटी पुढे केली. मी एक घास घेतला आणि तो तोंडातच फिरत राहिला.