इवाईंची मुकी पंगत

आमच्या इवाईंइतका माशाचा गुलाम अख्ख्या नागपुरात दुसरा सापडणार नाही. इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील. पुण्याकडचे लोक व्याही म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलेला, नागपूरच्या महाल भागात वेल्डिंगचं दुकान चालवलेला माणूस. मले जसं येते तसं लिहितो, कोणाले पटलं नाही तर वाचू नये.

इवाई मालवणकडचे. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरीले आले आणि समुद्रापासून इतकं लांब यावं लागलं याचा राग त्यांनी जन्मभर आमच्यावर काढला. आमच्या तलावातल्या रोहूले ते मासा म्हणतच नसत, पोहायला शिकलेला भोपळा म्हणत. त्यांच्या लेखी या शहरात जेवायची जागा एकच, धरमपेठेतली एका मालवणी माणसाची खानावळ. तिथं गेले की आधी कच्चा मासा ताटलीत घालून टेबलावर आणायले लावत, बोटानं त्याचा कल्ला उघडून पाहत, वास घेत. शेजारच्या टेबलावरच्या बाया नाकाले पदर लावत. एकदा एका पापलेटाकडे नुसतं पाहून म्हणाले, "हा माझ्या आधी रिटायर झालाय." मालक बिचारा ताटली घेऊन मुकाट्यानं आत गेला.

खरा जाच त्यानंतर होता. मासा ताटात पडला की बोलणं बंद. जिभेले एका वेळी एकच काम द्यावं, असं त्यांचं म्हणणं. बोलत्या जिभेले काटा सापडत नाही. पोरांची सोयरीक करायले त्यांनी आम्हाले घरी नाही, त्या खानावळीत बोलावलं. मी विचारलं, लग्न यंदा करायचं की पुढल्या वर्षी, तर ट्रॅफिक पोलिसासारखा डावा हात वर केला. आम्ही मयतीच्या घरी बसल्यासारखे खाली मान घालून बांगडा चिवडत राहिलो. मी उठून चाललोच होतो, पण पोरानं गुडघा दाबला. शेवटी हात धुऊन, पुसून, बडीशेप चावत इवाई म्हणाले, "मुलगा घाई करत नाही. माझ्याकडून पक्कं." पुढं कितीतरी वर्षं पोराच्या या गुणाचा मी लोकांजवळ तोरा मिरवला.

कोकणातून आले तेव्हा त्यांच्या तोंडात फक्त मासा होता. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, त्यांले आमच्या नागपूरनं दिला. गेल्या वर्षी जिभेच्या कडेले फोड आला, तो बरा होईना. मग डॉक्टरनं सांगितलं की जीभ काढावी लागेल, जवळपास सगळी. चव जाईल आणि बोलणंही. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी इवाईंनी सगळ्यांले त्याच खानावळीत जेवायले बोलावलं. विहीणबाई, माझा पोरगा, सून आणि मी. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. सुनेनं डब्यात पातळ खिचडी आणली होती, ती त्यांनी उघडूच दिली नाही. सुरमई सांगितली.

मालक स्वतः कच्ची सुरमई ताटलीत घेऊन आला आणि उभा राहिला. इवाईंनी कल्ला पाहिला नाही. नुसता हात हलवला, कर म्हणून. मालकाचा चेहरा असा उतरला, जसं कोणी त्याले कामावरून काढलं.

ताटं आली. सवयीप्रमाणं आम्ही माना खाली घातल्या. इवाईंनी सुरमईचा नखाएवढा तुकडा काढला, कढीभातात कालवला, ओठापर्यंत नेला आणि तसाच ताटात परत ठेवला. म्हणाले, "आज बोला."

मी म्हटलं, "इवाई, आधी खा नं. काहून थांबले?"

"दोन्ही होत नाय. दुखतंय. एकच होतां." आणि बोलायले लागले.

शब्द ओल्या मातीसारखे तोंडात घोळत होते, पण थांबले नाहीत. विहीणबाईंले म्हणाले, "तुझ्या हातचां बांगड्याचां सार ह्या खानावळीपेक्षा बरां. ह्यां सांगूचां रवलां." त्या एवढंच म्हणाल्या, "माका ठावक होतां," आणि ताटाकडे पाहत बसल्या. मग पोराकडे वळले. म्हणाले, सोयरिकीच्या दिवशी तू बांगडा भाताखाली लपवला होतास, मी पाहिलं होतं. म्हटलं मासा आवडत नाही तरी तोंड वाकडं करत नाही, बापाची लाज राखतो, पोर बरा आहे. पोरगा लाजला का रडला, मले कळलं नाही. शेवटी माझी पाळी. म्हणाले, तुमचं सावजी मटण मले कधीच आवडलं नाही, नुसती आग. मी म्हटलं, "तुमची मासळी तरी कुठं आवडली मले?" त्यावर हसायले गेले आणि दुखल्यामुळं गाल धरून बसले.

सुरमई थंड झाली. त्यांनी कालवलेला तो घास विहीणबाईंनी उचलून खाल्ला.

आता त्यांच्या नाकात नळी आहे. रविवारी मी त्यांच्याकडे जातो. ते खुर्चीवर बसतात, मी बोलतो. मले माशातलं आजही ढेकळं काही कळत नाही, पण मी मुद्दाम काहीबाही ठोकून देतो. परवा म्हटलं, बांगडा म्हणजे लहानपणीची सुरमईच की. त्यांची मान थरथरली, डोळे लाल झाले, डावा हात वर आला. मले तेवढा राग पुरतो. तो पाहिला की मी उठतो, चप्पल घालतो आणि घरी येतो.