वॉल्टरची टीव्हीवरची माणसं

“युअर मॅन इज ग्रँड, डॉक्टर. जेवतो, चालतो. पण टीव्हीवर दिसेल तो त्याला स्वतःच्या देशाचा वाटतो.” आमच्या वॉर्डची सीनियर नर्स सिनेड खिडकीजवळच्या खाटेकडे बघत म्हणाली. आयर्लंडमध्ये ‘युअर मॅन’ म्हणजे आपल्याकडचा ‘हा बाबा’.

हा बाबा म्हणजे वॉल्टर. ऐंशी ओलांडलेला, मूळचा कॅनडाचा. आयरिश बायकोबरोबर तिच्या देशात येऊन राहिला. बायको नोरा गेली, मुलंबाळं नाहीत. स्वयंपाकघरात पडला आणि शेजारीण डोकावेपर्यंत तसाच पडून होता. हाड शाबूत होतं, पण लघवीच्या इन्फेक्शनमुळे सुरुवातीला भ्रमात होता. म्हाताऱ्या माणसांत हे नेहमीचं. इन्फेक्शन उतरलं की डोकंही ठिकाणावर येतं. वॉल्टरचं आलं होतं, फक्त हे टीव्हीचं खूळ तेवढं उरलं होतं.

मी डब्लिनच्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये वृद्धांची डॉक्टर आहे. आमच्या ज्युनिअर डॉक्टरने फाइलमध्ये ‘कॉन्फॅब्युलेशन’ असं लिहून ठेवलं होतं. आठवणीत भोक पडलं की मेंदू ते मनाच्या गोष्टींनी बुजवतो, त्याला हे नाव. पेशंट थापा मारत नसतो, त्याला ते खरंच वाटत असतं. पण हा शब्द एकदा फाइलला चिकटला की एकटा राहणारा माणूस घरी जात नाही, नर्सिंग होममध्ये जातो. गुरुवारी एमडीटी होती. डॉक्टर, नर्स, फिजिओ, सोशल वर्कर सगळे एका टेबलाशी बसतात आणि कोण कुठे जाणार ते ठरवतात. वॉल्टरला घरी जायचं होतं. दुसरं काही तो मागतच नव्हता.

मला ते खूळ ओळखीचं वाटत होतं. नागपूरला आमच्या घरी पिक्चर संपला की कोणी उठायचं नाही. पडद्यावर नावं सरकायला लागली की बाबा खुर्चीत पुढे यायचे. “कॅमेरावाला आपला हाय बरं! अमरावतीचा!” हिंदी पिक्चर कुणाचाही असो, त्यात एक तरी मराठी आडनाव सापडल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. गेल्या वर्षी ते माझ्याकडे, डब्लिनच्या सँट्री भागात, राहायला आले. तीन महिन्यांसाठी आले होते, महिनाभरातच परत गेले. “टीव्ही मोठा हाय तुयाकडे,” जाताना म्हणाले, “पण सांगाले कोणी नाई.” मी दिवसभर ड्यूटीवर असायची.

बुधवारी दुपारी राउंड आटोपल्यावर मी वॉल्टरशेजारी खुर्ची ओढली. टीव्हीवर जुनी अमेरिकन पोलीस मालिका चालू होती.

“तो इन्स्पेक्टर आमचा,” तो लगेच म्हणाला.

मी फोनवर शोधलं. खरंच कॅनडाचा निघाला. मग जाहिरातीत गाणारी बाई. तीही कॅनडाची. एका कार्यक्रमातला विनोदवीर, तोसुद्धा. मी आजवर या सगळ्यांना अमेरिकन समजत होते.

पण तीन खरे निघाले म्हणून निदान खोडता येत नाही. कॉन्फॅब्युलेशन असलेला माणूस आपण सुचवू ते सहसा पटकन उचलतो. म्हणून मी जाळं टाकलं. पडद्यावरच्या चोराकडे बोट दाखवलं. “हाही टोरांटोचाच ना?”

“छे! उगाच काय ठोकून देताय?” वॉल्टर चिडला. “कुठला आहे ते मला माहीत नाही. माहीत नसलं की मी नाही म्हणतो.”

मला बाबांची आठवण आली. तेही खोटं आडनाव कधी खपवून घेत नसत.

“सगळ्यांना का सांगता पण हे?” मी विचारलं.

“नोराला सांगायचो. तिचा विश्वास बसायचा नाही. पैज लागायची, हरेल त्याने चहा करायचा.” त्याने पडद्याकडे बोट केलं. “आमची माणसं अमेरिकेत जातात, जगाला हसवतात, नाचवतात. जग म्हणतं, अमेरिकन. मलाही इथे सगळे अमेरिकनच समजतात. कुठले म्हणून कोणी विचारतच नाही. तुम्हाला विचारतात?”

“रोज.”

“नशीबवान आहात,” तो म्हणाला. आजवर त्या प्रश्नाचा मला वैतागच यायचा.

गुरुवारी आमचे कन्सल्टंट डॉ. ब्रेनन यांनी फाइल उघडली. “वॉल्टर. कॉन्फॅब्युलेशन. नर्सिंग होम?”

“नाही सर. तो सांगतो ते खरं आहे. मी तपासलं.”

“सगळे कॅनेडियन?”

मी नावं सांगत गेले. तिसऱ्या नावाला सरांनी चष्मा काढला. “तो? तो तर न्यूयॉर्कचा!” सोशल वर्करने फोन काढला, मग फिजिओने, मग सगळ्यांनीच. “जीझस, हीसुद्धा?” सिनेड म्हणाली. पुढचे पेशंट ताटकळत राहिले.

शेवटी सरांनी तो शब्द खोडायला सांगितला. ऑक्युपेशनल थेरपिस्टने वॉल्टरला त्याच्या घरी नेऊन चहा करून दाखवायला लावला. त्याने केला, गॅसही आठवणीने बंद केला. सकाळी मदतीला एक बाई लावून दिली आणि वॉल्टर घरी गेला. जाताना वॉर्डातल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं.

काही आठवड्यांनी तो ओपीडीत आला. चाल चांगली, ब्लड प्रेशर चांगलं, स्मरणशक्तीची टेस्ट उत्तम.

“काही तक्रार?”

“वॉर्डात बरं होतं,” तो म्हणाला. “तुम्ही मला वेडा समजत होतात, पण ऐकत तरी होतात.”

यावर माझ्याकडे गोळी नव्हती. ‘पुन्हा येण्याची गरज नाही’ असं पत्रात लिहायचं असतं, ते लिहिलं. नवीन ज्युनिअर आले की मी आता एवढंच सांगते: पेशंटच्या डोक्यात बिघाड आहे असं लिहिण्याआधी त्याच्याबरोबर बसून थोडा टीव्ही बघा.

त्या शनिवारी दुपारी घरी एक हिंदी पिक्चर लावला. संपल्यावर नावं सरकू लागली आणि एडिटरच्या नावापुढे देशमुख दिसलं.

“आपला आहे!” मी मोठ्यांदा म्हणाले आणि बाबा बसायचे त्या रिकाम्या खुर्चीकडे वळून बघितलं.